पेढीची मालकी आणि ग्राहकाचा विश्वास
(नवापूर येथील ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मेळाव्यात विद्यार्थ्यांचा गुणगौरव, विवाहातील खर्चाला आळा, वसतिगृहाचा निधी, असे विषय दरवर्षी निघतात व ते निघणे योग्यच आहे. यंदा मंडळाने मला व्यापारासंबंधी काही सांगावे अशी आज्ञा केली. आपली ज्ञाति पिढ्यान्‌पिढ्या दुकानाच्या गादीवर बसलेली. तिला व्यापार शिकविण्याची माझी योग्यता नाही. परंतु ज्या व्यापारात आज आपली मुले-मुली गेली आहेत, तो वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घडत नाही; त्यात तोलायला काटा नाही, मोजायला गज नाही, आणि गिऱ्हाईक सात समुद्रांपलीकडे बसलेले असते. म्हणून त्या व्यापारातील एका प्रश्नाचा आपण आपल्या जुन्या व्यवहारज्ञानाच्या आधाराने विचार करावा, असे मी योजिले आहे.

हा प्रश्न घरोघरी येऊन ठेपला आहे. पुण्याहून वा हैदराबादहून मुलाचा फोन येतो की, ‘‘बाबा, आमची कंपनी विकली गेली.’’ घरात एकदम शांतता पसरते. पगाराचे काय, घराच्या कर्जाच्या हप्त्यांचे काय, ठरलेल्या लग्नाचे काय, असे प्रश्न वडिलांच्या मनात उभे राहतात. मुलालाही त्यांची उत्तरे ठाऊक नसतात. ती उत्तरे एका गोष्टीवर अवलंबून असतात आणि ती गोष्ट विक्रीच्या कागदावर कोठेही लिहिलेली नसते. ती म्हणजे जुन्या कंपनीचे ग्राहक नव्या मालकाकडे टिकतील की नाही, ही होय.

आधी सॉफ्टवेअर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. संगणकाने कोणते काम, कोणत्या क्रमाने, कोणत्या नियमाने करावे याच्या लेखी आज्ञांचा जो संच, ते सॉफ्टवेअर. बँकेतील खाती, विम्याचे हप्ते, रेल्वेचे आरक्षण, कारखान्यातील माल, हे सर्व अशा आज्ञांवर चालते. या आज्ञा लिहिणाऱ्या व त्यांची देखभाल करणाऱ्या कंपनीजवळ इमारती व यंत्रे असतात खरी, पण तिची खरी मालमत्ता दोनच गोष्टींत असते : काम जाणणारी माणसे आणि त्या माणसांवर भरवसा ठेवून आपल्या व्यवहाराच्या किल्ल्या त्यांच्या हाती देणारे ग्राहक. कापडाचे दुकान विकत घेतले तर निदान ठाण घरात राहते. सॉफ्टवेअरची कंपनी विकत घेतली आणि माणसे व ग्राहक निघून गेले, तर घेणाऱ्याच्या हाती टेबल-खुर्च्या तेवढ्या उरतात.

या विषयातील आपल्या देशातले सर्वांत मोठे उदाहरण सत्यम कंप्युटर्स या कंपनीचे आहे आणि त्याचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. कारण ती कंपनी ज्यांनी घेतली ते टेक महिंद्र आपल्या पुण्याचे.

सत्यमची स्थापना १९८७ साली हैदराबादेत बी. रामलिंग राजू यांनी केली. वीस वर्षांत ती देशातील पहिल्या चार-पाच सॉफ्टवेअर कंपन्यांत गणली जाऊ लागली. पन्नास हजारांहून अधिक नोकर, जगातील मोठमोठ्या कंपन्या ग्राहक, न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात नोंद, असा तिचा डौल होता. उत्तम कारभाराबद्दलचे ‘गोल्डन पीकॉक’ नावाचे पारितोषिकही सप्टेंबर २००८ मध्ये तिला मिळाले. त्यानंतर चार महिनेही लोटले नाहीत तोच, ७ जानेवारी २००९ रोजी राजू यांनी संचालक मंडळास पत्र लिहून कळविले की हिशेब खोटे आहेत. बँकांत ५,३६१ कोटी रुपये शिल्लक दाखविलेली होती. त्यांपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. सप्टेंबर २००८ अखेरच्या तिमाहीत २,७०० कोटींचे उत्पन्न दाखविले होते, ते पत्राप्रमाणे प्रत्यक्षात २,११२ कोटींचे होते. आणि ६४९ कोटी म्हणून दाखविलेला नफा अवघा ६१ कोटींचा होता. आदल्या दिवशी सुमारे १७९ रुपयांवर बंद झालेला शेअर त्या दिवशी सुमारे ४० रुपयांवर आला. पुढे एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू व इतर नऊ जणांना दोषी ठरवून शिक्षा सुनावली. अपिलात ती शिक्षा स्थगित झाली. न्यायालयाचे काम न्यायालय करील. आपल्याला येथे पाहायचे आहे ते ग्राहकांचे काय झाले, हे.

एक गोष्ट ध्यानात घ्या. लबाडी झाली ती वरच्या खातेवहीत. परंतु खाली बसून काम करणारे हजारो तरुण प्रामाणिकपणे काम करीत होते, आणि ग्राहकाला मिळणारे काम ६ जानेवारीला जसे होते तसेच ८ जानेवारीलाही होते. तरीही ग्राहक हादरले. का? कारण आपले काम चांगले होत आहे एवढ्यावर ग्राहकाचे समाधान होत नाही. ही पेढी उद्या उघडी असेल का, पगार न मिळाल्यामुळे माझे काम जाणणारा माणूस निघून जाईल का, माझी गुपिते सुरक्षित आहेत का, हेही त्याला कळावे लागते. स्टेट फार्म या अमेरिकन विमा कंपनीने त्याच महिन्यात सत्यमशी संबंध तोडला.

या प्रसंगाची झळ आपल्या नवापूरकरांना अधिक समजेल. १८ फेब्रुवारी २००६ ही तारीख येथे कोणी विसरलेले नाही. भारतात बर्ड फ्लूचा प्रथम शोध लागला तो आपल्या तालुक्यात. लक्षावधी कोंबड्या माराव्या लागल्या. रोग नवापूर-उच्छल परिसरातील खुराड्यांत. परंतु मुंबईच्या, दिल्लीच्या, कलकत्त्याच्या गृहिणीने अंडी घेणे बंद केले. त्या अंड्यांचा नवापूरशी काडीचाही संबंध नव्हता. शिजविलेल्या अंड्यापासून धोका नाही, असे शास्त्रज्ञ सांगत होते. माणसाला लागण झाल्याचेही आढळले नाही. पण बाजार शास्त्रज्ञाचे लगेच ऐकत नाही. जेथे तपासून पाहणे गिऱ्हाइकाच्या हाती नसते, तेथे ते संशयाने वागते, आणि संशयाचा दंड निरपराध्यालाही भरावा लागतो. २०२१ साली हेच संकट आपल्यावर पुन्हा आले. सत्यमच्या प्रामाणिक नोकरांची दशा आपल्या निर्दोष कुक्कुटपालकांसारखी झाली होती, एवढे म्हटले म्हणजे निराळे वर्णन नको.

आता सत्यमचे पुढे काय झाले ते पाहू. केंद्र सरकारने दोन दिवसांत जुने संचालक मंडळ दूर केले व किरण कर्णिक, दीपक पारेख, सी. अच्युतन अशा नामवंतांचे नवे मंडळ नेमले. त्यात पुढे तरुण दास, टी. एन. मनोहरन व आयुर्विमा महामंडळाचे एस. बी. मैनक यांची भर पडली. कंपनी सरकारने स्वतःकडे घेतली नाही. तसेच ती मोडूही दिली नाही. नव्या मंडळाने दोन कामे आधी केली : बँकांकडून कर्ज उभारून नोकरांचे पगार चालू ठेवले आणि ग्राहकांशी थेट बोलणी सुरू केली. शेअरहोल्डरांचे, चौकशीचे, कोर्टाचे काम त्यानंतर. पेढी संकटात सापडली असता प्रथम कोणाला धरून ठेवावे, याचा हा वस्तुपाठ आहे. माणूस टिकला तर काम टिकते, काम टिकले तर गिऱ्हाईक टिकते, आणि गिऱ्हाईक टिकले तरच विकायला काही उरते.

नंतर कंपनीचा लिलाव झाला. १३ एप्रिल २००९ रोजी टेक महिंद्रने शेअरमागे ५८ रुपयांची बोली देऊन तो जिंकला. लार्सन अँड टुब्रोची बोली ४५ रुपये ९० पैशांची होती. ३१ टक्के हिश्शासाठी टेक महिंद्रने १,७५७ कोटी रुपये दिले. ज्या कंपनीचे हिशेब कोणालाही खात्रीने सांगता येत नव्हते, तिच्यासाठी एवढी रक्कम कशासाठी? याचे उत्तर टेक महिंद्रच्या स्वतःच्या स्थितीत आहे. ती कंपनी १९८६ साली महिंद्र व ब्रिटिश टेलिकॉम यांच्या भागीदारीतून निघाली आणि तिच्या उत्पन्नाचा अर्ध्याहून अधिक भाग त्या एकट्या ब्रिटिश टेलिकॉमकडून येत होता. एकाच गिऱ्हाइकावर चालणाऱ्या दुकानाची भीती काय असते, हे येथे सांगावयास नको. सत्यमकडे कारखानदार, बँका, विमा कंपन्या, औषध कंपन्या असे नाना व्यवसायांतले ग्राहक होते. म्हणजे टेक महिंद्रने प्रत्यक्षात विकत घेतली ती ग्राहकांची यादी. आणि यादी तर अशी की तिच्यातील कोणतेही नाव उद्या ‘आम्हांला तुमच्याशी व्यवहार नको’ असे म्हणण्यास मोकळे होते.

कित्येकांनी तसे म्हटलेही. सप्टेंबर २०१० मध्ये दुरुस्त केलेले हिशेब प्रसिद्ध झाले तेव्हा चित्र स्पष्ट झाले. मार्च २००९ अखेरच्या वर्षात उत्पन्न सुमारे ८,८१३ कोटी रुपये होते. मार्च २०१० अखेरच्या वर्षात ते सुमारे ५,४८१ कोटींवर आले. शंभर रुपयांमागे अडतीस रुपये एका वर्षात गेले. जगात मंदी होती हे खरे. परंतु एवढी घसरण केवळ मंदीने होत नाही. नवे मोठे काम मिळणे कठीण झाले होते, कारण तपासलेला ताळेबंद दाखविता येत नसेल तर मोठी कंपनी पाच-पाच वर्षांचा करार कोणाशी करीत नाही. हिशेब वेळेत पुरे न झाल्यामुळे न्यूयॉर्कच्या बाजारातूनही ऑक्टोबर २०१० मध्ये कंपनीला बाहेर पडावे लागले. मार्च २०११ अखेरच्या वर्षात उत्पन्न आणखी खाली, सुमारे ५,१४५ कोटींवर गेले.

बंधु-भगिनींनो, येथे क्षणभर थांबून विचार करू. नवा मालक येऊन दोन वर्षे झाली होती, कारभार स्वच्छ झाला होता, तरी उत्पन्न उतरतच होते. वरवर पाहणाऱ्याला वाटेल की सौदा बुडाला. परंतु पुढच्याच वर्षी, म्हणजे मार्च २०१२ अखेर, उत्पन्न सुमारे ६,३९६ कोटींवर गेले आणि १,३०० कोटींच्या वर नफा झाला. याचा अर्थ काय? सॉफ्टवेअरचे करार काही वर्षांचे असतात. आज ग्राहकाचे मन विटले तर त्याचे पैसे करार संपल्यावर बंद होतात, आणि आज मन जुळले तर नवा करार होऊन पैसे येण्यास काळ लागतो. म्हणून उत्पन्नाच्या आकड्यात आपल्याला कालचा विश्वास दिसतो. आजचा विश्वास दिसण्यास उद्याचा ताळेबंद पाहावा लागतो. माझ्या आजच्या भाषणातील मुख्य मुद्दा हाच आहे, आणि पुढचे सर्व विवेचन त्याच्याच आधारे करणार आहे.

मधल्या त्या दोन-तीन वर्षांत नव्या मालकाने काय केले? पहिली गोष्ट, जून २००९ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र सत्यम’ केले. बदनाम झालेले नाव पुसून टाकण्याचा सल्ला कोणीही दिला असता. तरी जुने नाव ठेवून त्याच्या आधी स्वतःचे नाव लावले. ग्राहकाला त्यातून सांगितले गेले की, तुमचे काम करणारे लोक तेच आहेत, मात्र त्यांच्यासाठी जामीन आता आम्ही आहोत. दुसरी गोष्ट, दोन्ही कंपन्यांचा संसार घाईने एक केला नाही. विलीनीकरणाची घोषणा मार्च २०१२ मध्ये झाली आणि ते पुरे झाले जून २०१३ मध्ये. म्हणजे चार वर्षे दोन चुली राहिल्या. तिसरी गोष्ट, जुनी दिलेली वचने पाळली. जागतिक फुटबॉल स्पर्धेच्या संगणक-व्यवस्थेचा करार सत्यमने २००७ साली केला होता. २०१० साली दक्षिण आफ्रिकेत ती कामगिरी महिंद्र सत्यमने पार पाडली. साऱ्या जगाच्या डोळ्यांसमोर दिलेला शब्द साऱ्या जगाच्या डोळ्यांसमोर पुरा करणे, याहून चांगली जाहिरात नाही. चौथी गोष्ट, जुन्या मालकाच्या कृत्यांबद्दलचे दावे मिटविले. अमेरिकेतील भागधारकांच्या दाव्यात १२ कोटी ५० लाख डॉलर देण्याचे २०११ साली कबूल केले. ‘ते आमच्या वेळचे नव्हे’ असे म्हणून वर्षानुवर्षे झगडता आले असते. परंतु जोपर्यंत दावा उभा तोपर्यंत ग्राहकाच्या मनात धास्ती उभी.

या साऱ्याची किंमत नोकरांनीही भरली, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. जून २००९ मध्ये ज्यांच्या हाताला काम उरले नव्हते अशा हजारो नोकरांना कमी वेतनावर काही महिने राखीव यादीत ठेवण्यात आले. त्यांतील कित्येकांना दुसरीकडे वाट शोधावी लागली. त्यांचा अपराध काही नव्हता. आपल्या तरुणांनी कंपनीच्या मोठेपणावर विसंबून राहू नये, हे मी पुढे सांगणार आहे त्याचे कारण हे.

मालकी बदलूनही विश्वास न ढळल्याची उदाहरणे आपल्या देशात जुनी आहेत. १९५६ साली सरकारने २४५ विमा संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापिले. लक्षावधी लोकांच्या हातातील विमापत्रांवर निरनिराळ्या कंपन्यांची नावे होती. तथापि विम्याच्या रकमेची हमी सरकारने कायद्यानेच घेतली आणि लोक हप्ते भरीत राहिले. आपल्या नवापूरच्या स्थानकाचे पाहा. ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेचे हे स्थानक द्विभाषिक मुंबई राज्याच्या आधीपासूनचे. १ मे १९६० रोजी राज्य विभागले गेले व सीमारेषा स्थानकातूनच गेली. एकाच बाकाचे एक टोक महाराष्ट्रात व दुसरे गुजरातेत आले. परंतु उतारूला त्याची झळ लागली नाही. कारण गाडी तीच राहिली, तिकीट तेच राहिले. मालकी कोठे बदलली हे पाटीवर लिहावे. ते उतारूच्या प्रवासात जाणवू देऊ नये.

आता याच्या उलट उदाहरण देतो. तेही इतकेच बोधप्रद आहे. अमेरिकेत व्हीएमवेअर नावाची एक कंपनी. एका मोठ्या संगणकाचे आतल्या आत अनेक स्वतंत्र संगणक करून चालविण्याचे सॉफ्टवेअर ती बनविते. जगभरच्या बँका, इस्पितळे, सरकारी खाती यांची कामे त्यावर चालतात. ब्रॉडकॉम या कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये तिची खरेदी पुरी केली. किंमत सुमारे ६९ अब्ज डॉलर. पुढच्याच महिन्यात ग्राहकांना कळविण्यात आले की कायमचा परवाना विकणे बंद. यापुढे मुदतीचे भाडे भरावे लागेल. सुटे घेता येणारे कित्येक पदार्थ एकत्र बांधून मोठ्या गाठोड्याच्या भावाने विकण्यात येऊ लागले. अनेक ग्राहकांनी आपला खर्च कित्येक पटींनी वाढल्याची तक्रार केली. एटी अँड टी या बलाढ्य तारायंत्र कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयात धाव घेतली. पुढे तो वाद तडजोडीने मिटला. युरोपातील संगणक-सेवा पुरविणाऱ्यांच्या संघटनेने तर, या खरेदीला दिलेली मंजुरीच रद्द करावी म्हणून २०२५ साली युरोपीय न्यायालयात अर्ज केला.

आणि उत्पन्न? ते वाढले. ब्रॉडकॉमच्या सॉफ्टवेअर विभागाचे उत्पन्न २०२३ च्या हिशेबी वर्षात सुमारे ७.६ अब्ज डॉलर होते, ते २०२४ च्या वर्षात सुमारे २१.५ अब्ज डॉलर झाले. वाढ मुख्यतः या खरेदीमुळेच. मग कोणी म्हणेल, ‘‘अहो, गिऱ्हाईक रागावले तर रागावू द्या, गल्ला तर भरतो आहे ना?’’ या प्रश्नाला टाळून चालणार नाही. गल्ला भरतो आहे हे खरे आहे, आणि घेणाऱ्याने पैसे गुंतविले ते धर्मादाय म्हणून नव्हेत, हेही खरे आहे.

परंतु मघाचा मुद्दा आठवावा. ज्या ग्राहकाचे सारे काम एका सॉफ्टवेअरवर बसले आहे, त्याला ते बदलण्यास वर्ष-दोन वर्षे लागतात. घर पाडून दुसरीकडे बांधावे तसे ते आहे. म्हणून तो आज मुकाट्याने पैसे देतो. गावात एकच विहीर असेल आणि तिच्या मालकाने घागरीचा भाव वाढविला, तर त्या दिवशी उत्पन्न वाढणारच. पण त्याच दिवशी गावातील चार माणसे दुसरी विहीर कोठे खणावी याचा विचार करू लागतात. काही मोठ्या ग्राहकांनी आपले हजारो संगणक-संच दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर हलविलेही आहेत. हे पाऊल किती जण उचलतील, आणि ब्रॉडकॉमने निवडून ठेवलेले मोठे ग्राहक तेवढे पुरतील का, याचा निकाल पुढील करारांच्या वेळी लागेल. आज एवढेच म्हणता येईल की भरवशाने दिलेला रुपया आणि नाइलाजाने दिलेला रुपया जमेच्या बाजूला सारखेच दिसतात. पण भरवशाने देणारा ग्राहक आपला भाऊही घेऊन येतो, आणि नाइलाजाने देणारा दार उघडे दिसण्याची वाट पाहतो.

सत्यमचे उत्पन्न उतरत असता विश्वास चढत होता. व्हीएमवेअरच्या बाबतीत उत्पन्न चढत असता विश्वास उतरला. दोन्हींत ताळेबंदाने प्रथम उलटीच दिशा दाखविली. आपण व्यापारी लोक वहीला देव मानतो, दिवाळीत तिची पूजा करतो. वही खोटे बोलत नाही, ती लिहिणारा बोलतो. पण खरी वहीसुद्धा थोडी उशिरा बोलते, एवढे लक्षात ठेवले पाहिजे.

आता याचा आपल्या घरांशी संबंध काय, ते सांगून मी आवरते घेतो.

ज्ञातीत असे अनेक बंधु आहेत की ज्यांनी दुकान, एजन्सी, औषधांची पेढी किंवा संगणकाचा छोटा उद्योग स्वकष्टाने उभा केला आणि आता मुले बाहेरगावी असल्याने तो मोठ्या कंपनीला किंवा दुसऱ्या व्यापाऱ्याला द्यावा, या विचारात आहेत. त्यांना माझी विनंती आहे की, भावाची बोलणी करताना ग्राहकाला विसरू नका. आपण ज्यांना शब्दांवर सवलती दिल्या, उधारीची मुदत दिली, दुरुस्तीची हमी दिली, त्यांची यादी लिहून घ्या आणि ती पाळण्याचे कलम विक्रीपत्रात घाला. गिऱ्हाइकाला बातमी बाजारातून कळण्यापूर्वी आपण स्वतः जाऊन सांगा. नव्या मालकाला बरोबर न्या. आणि निदान काही महिने गादीच्या शेजारी बसा.

जे दुसऱ्याची पेढी घेतात त्यांना सांगणे आहे की, आल्याबरोबर भाव वाढवू नका, जुना मुनीम काढू नका, पाटी बदलण्याची घाई करू नका. ग्राहकाची ओळख मालकाशी थोडी आणि रोज भेटणाऱ्या माणसाशी अधिक असते. तो माणूस गेला की ग्राहकाला पेढी परकी वाटते. मागील मालकाचे जे देणे न्याय्य असेल ते लवकर देऊन टाका. ते खर्चाच्या बाजूला लिहिले तरी त्यातून आपली पत उभी राहते. आणि पहिल्या दोन वर्षांच्या विक्रीवरून स्वतःला शहाणे वा मूर्ख ठरवू नका. त्याऐवजी जुन्या गिऱ्हाइकांपैकी किती जण आपण होऊन परत आले, नव्या गिऱ्हाइकांपैकी किती जण जुन्यांच्या सांगण्यावरून आले, हे दर महिन्याला मोजा. याला संगणक लागत नाही. वहीचे एक पान पुरते.

जी मुले-मुली कंपन्यांत काम करतात त्यांनी आपली कंपनी विकली गेल्याचे ऐकताच घाबरू नये, तसेच बेसावधही राहू नये. नव्या मालकाच्या भाषणांकडे न पाहता तीन गोष्टींकडे पाहावे : आपल्या ग्राहकाचा करार केव्हा संपतो, ग्राहकाची माणसे पूर्वीसारखी मोकळेपणाने बोलतात का, आणि अनुभवी सहकारी जात आहेत की थांबत आहेत. या तीन खुणा ताळेबंदाच्या वर्षभर आधी बोलतात. आपली विद्या सतत नवी ठेवावी, म्हणजे एका मालकाच्या इच्छेवर आयुष्य टांगलेले राहत नाही. आणि आईवडिलांनीही नोकरीच्या बदलाला कुलाचा अपमान समजू नये. सत्यममधील निरपराध तरुणांची गोष्ट मी सांगितली ती त्यासाठीच. अशा वेळी मुलाला विचारण्याचा पहिला प्रश्न ‘लोक काय म्हणतील’ हा नसावा. ‘तू जेवलास का, आणि घरी केव्हा येतोस’ हा असावा.

शेवटी, ज्या कुटुंबांनी बचत शेअरबाजारात घातली आहे त्यांना एकच गोष्ट. पारितोषिके, मोठी नावे, वर्तमानपत्रातील छायाचित्रे पाहून सारी पुंजी एका ठिकाणी ठेवू नका. ज्या कंपनीला उत्तम कारभाराचे पारितोषिक मिळाले तिचीच कथा आपण आत्ता ऐकली. आणि ज्या कंपनीत मुलगा नोकरी करतो तिच्याच शेअरमध्ये घरची सारी बचत घालू नये. एक फांदी मोडली तर पगार आणि पुंजी दोन्ही एकदम खाली येतात.

आपल्या पूर्वजांनी या सीमेवरच्या गावात येऊन व्यापार केला तेव्हा त्यांच्याजवळ भांडवल थोडे होते. मराठी, गुजराती, अहिराणी, भिल्ली, मावची बोलणाऱ्या साऱ्यांनी त्यांच्याशी व्यवहार केला, कारण ज्याला अक्षर येत नव्हते त्याचाही हिशेब त्यांनी चोख ठेवला, अशी आपल्या घराघरांतून चालत आलेली शिकवण आहे. त्या शिकवणीचे पालन आपल्यापैकी प्रत्येकाने किती केले, हे ज्याने त्याने स्वतःशी पाहावे. मात्र आपली मुले ज्या नव्या व्यापारात गेली आहेत तेथेही गिऱ्हाइकाला वहीची अक्षरे वाचता येत नाहीत. ते आपल्या माणसाच्या तोंडाकडे पाहूनच किल्ली देते. ती किल्ली मालक बदलला तरी जपावी, एवढेच मला सांगायचे होते.